बुडबुड्यांवर नजर

नोरीननं बोटीवर पाहुण्यांच्या हातात एकेक हातोडी दिली आणि वेंडेल क्रेगपाशी येऊन ती थांबली.

"मला नको," तो म्हणाला. "मला परवाना नाही. मी नुसता बघणार."

सकाळी धक्क्यावर नाव ऐकलं तेव्हाच तिनं त्याला ओळखलं होतं. ती शाळेत असताना ह्याच खाडीतून पोतंभर अबलोनी शिंपले चोरून नेताना त्याला तिच्या वडिलांनी पकडलं होतं, कोर्टात त्याच्याविरुद्ध साक्षही दिली होती. मासेमारीचा परवाना गेला तो जन्मभरासाठी. वडील, ओलाव्ही तुओमाला, तेव्हा मत्स्य खात्याचे वॉर्डन होते. आता निवृत्तीनंतर ते लेकीची बोट चालवत. सुकाणूपाशी बसून ते कॉफी पीत होते. वेंडेलकडे त्यांनी पाहिल्यासारखं वाटलं नाही. नोरीननंही विषय काढला नाही. बाकीचे पाहुणे सॅक्रमेंटोचे शाळामास्तर होते. त्यांच्यासमोर तमाशा नको होता.

"मेंडोसिनोच्या किनाऱ्यावर आता केल्पचं, म्हणजे उंच समुद्री शेवाळाचं, जंगल उरलंय ते असं तुकड्या-तुकड्यानं," तिनं सांगायला सुरुवात केली. "बाकीचं ह्या जांभळ्या अर्चिननी फस्त केलं. काटेरी गोळा दिसला की फोडा. पण खडकाला चिकटलेला थाळीएवढा शिंपला दिसला, तर तो अबलोनी. त्याला हात लावायचा नाही. केल्प खाऊनच जगतो तो, उपासानं अर्धमेला झालाय. खडकावरून एकदा सुटला की खेकडे त्याचा फडशा पाडतात."

"चुकून हात लागला तर?" एका मास्तरीणबाईंनी विचारलं.

"मला सांगायचं. मी खात्याला कळवते."

वेंडेल बुडी मारताना घालायच्या चष्म्यावर थुंकून काच पुसत होता.

पाण्याखाली केल्पचे तपकिरी बुंधे लाटेबरोबर एकदम झुकत आणि एकदम उभे राहत. मास्तरमंडळी चेव आल्यासारखी अर्चिन फोडत होती. नोरीननं डोकी मोजली, तर एक कमी.

तो जंगलाच्या कडेला सापडला. तिच्याकडे पाठ करून, खडकाशी गुडघे टेकून, उजवा हात कपारीत घातलेला. अबलोनी काढणारा माणूस असाच बसतो. बाबांना काय सांगायचं, ह्याचाच विचार करत ती बाजूनं पुढे गेली.

त्याच्या तळव्याखाली अबलोनी होता. पण तो त्याला उचकटत नव्हता, खडकावर दाबून धरत होता. खाली दोन खेकडे आशेनं घुटमळत होते. शिंपल्यातल्या जिवाची काळी किनार लुळी लोंबत होती.

त्यानं तिला पाहिलं. हात काढला नाही. दुसऱ्या हातानं टाकीतल्या हवेचा काटा तिच्यापुढे धरला; तो लाल रेघेला टेकला होता, हवा संपत आली होती. तिनं वर बोट केलं. त्यानं नकारार्थी मान हलवली.

मग नोरीन त्याच्या शेजारी गुडघे टेकून बसली आणि आपल्या टाकीची जादा नळी तिनं त्याच्या तोंडाशी नेली. दोघं एकाच टाकीतून श्वास घेत राहिली. बऱ्याच वेळानं काळी किनार आत ओढली गेली, खडकाला घट्ट बसली. वेंडेलनं एकेक बोट सोडवलं.

वर येऊन शिडी धरल्यावर त्यानं आधी धाप जिरवली.

"हात लावला मी," तो म्हणाला. "कळव खात्याला."

"सुटून पडला होता तो. तुम्ही..."

"नियम सांगितलास ना सगळ्यांना?"

ओलाव्ही कठड्याशी येऊन उभे राहिले. त्यांनी खाली वाकून हात पुढे केला.

"चिकटला का?"

"चिकटला, साहेब."

"मग वर ये, वेंडेल. गारठशील."

वेंडेल क्षणभर त्या हाताकडे पाहत राहिला, मग त्यानं तो धरला. नोरीन मागोमाग चढली. वडिलांनी वायरलेसचा माइक तिच्या हातात दिला.

"कळव. नियम तो नियम. झालं तसं सांग. आणि साक्षीला ओलाव्ही तुओमाला आहे म्हणावं."

"बाबा, तुम्ही तर वर होतात. तुम्ही काय पाहिलंत?"

"बुडबुडे," ओलाव्ही म्हणाले. "हा पाण्यात उतरल्यापासून त्याच्याच बुडबुड्यांवर नजर होती माझी. चोरणारा माणूस इतका वेळ एका जागी बसत नाही."