शंभर टक्के सर

सभागृहाचं कामकाज अकराला सुरू होणार होतं. घड्याळात साडेनऊ वाजले होते आणि शिक्षणमंत्र्यांच्या टेबलावर दोन कागद होते.

पहिला कागद सभागृहात वाचायच्या उत्तराचा होता. राज्यातल्या पाचवीच्या किती मुलांना वाचता येतं, असा विरोधकांचा प्रश्न होता. उत्तर होतं, एक्क्याण्णव टक्के. दुसरा कागद एका मुख्याध्यापिकेच्या निलंबनाचा आदेश. त्यावर फक्त सही व्हायची होती. बाईंनी आपल्या शाळेची माहिती कळवताना लिहिलं होतं, पाचवीत मुलं एकतीस, वाचता येणारी नऊ. वरून तीनदा फोन गेले, तरी त्यांनी आकडा बदलला नव्हता.

"मागच्या महिन्यात तुम्ही मला बेचाळीस टक्के सांगितले होते. मग हे एक्क्याण्णव कुठून आले?" मंत्र्यांनी विचारलं.

सचिवांनी चष्मा पुसला. "मोजायची पद्धत थोडी बदलली, साहेब. आधी आपण मुलांना उतारा वाचायला लावत होतो. आता अक्षरं ओळखली तरी वाचता येतं असं धरतो. आकडा नियमात बसतो."

मंत्र्यांनी उत्तराचा कागद पुन्हा वाचला. सकाळीच मुख्यमंत्र्यांचा फोन येऊन गेला होता. "आजचा दिवस नीट निभावून न्या. संध्याकाळी मंत्रिमंडळाची नवी यादी जाहीर होतेय. उपमुख्यमंत्री म्हणून तुमचं नाव पक्कं आहे." सव्वीस वर्षं ज्यासाठी पायाला भिंगरी लावून फिरले, ते आता हाताच्या अंतरावर आलं होतं.

सव्वीस वर्षांपूर्वी ते एका लहान गावात गणिताचे शिक्षक होते. त्यांच्या शाळेचा दहावीचा निकाल पहिल्यांदाच शंभर टक्के लागला. गावाने त्यांना डोक्यावर घेतलं आणि पुढच्याच वर्षी निवडणुकीला उभं केलं. तेव्हापासून लोक त्यांना 'शंभर टक्के सर' म्हणत. प्रत्येक निवडणुकीत फलकांवर तेच नाव असे.

"त्या मुख्याध्यापिका बाहेर बसल्यात," सचिव म्हणाले. "आठपासून. मी सांगून टाकतो, साहेबांना वेळ नाही म्हणून."

मंत्र्यांनी आदेशावरचं नाव पुन्हा वाचलं. या खेपेला ते ओळखीचं वाटलं. "पाठवा त्यांना आत. आणि तुम्ही जरा बाहेर थांबा."

दार उघडून ज्या बाई आत आल्या, त्यांनी त्याच शाळेत शेजारच्या वर्गावर भाषा शिकवली होती. केस आता पार पांढरे झाले होते. चालणं मात्र तसंच, घाईचं.

"बसा, बाई. काळजी करू नका, या आदेशाचं काहीतरी बघतो मी. तुम्ही फक्त तो आकडा…"

"मी नोकरीसाठी आले नाही, सर. निवृत्तीला आठ महिने राहिलेत. कसेही जातील." त्या खुर्चीच्या कडेवर बसल्या. "आपल्या शंभर टक्क्यांच्या वर्षी दहावीच्या वर्गात मुलं किती होती, आठवतं?"

मंत्र्यांनी नजर खाली घातली. "अठ्ठेचाळीस."

"आणि परीक्षेला बसली एक्केचाळीस. सात जणांचे अर्ज तुम्ही भरलेच नाहीत."

"ती सगळी नापास झाली असती, बाई. पुढच्या वर्षी तयारी करून बसवणार होतो मी त्यांना."

"पुढच्या वर्षी तुम्ही प्रचारात होतात. आणि मीही तोंड उघडलं नाही. शाळेचं नाव होत होतं ना. त्यामुळे दोष एकट्या तुमचा नाही." "त्या सातांमधली एक मुलगी आता कपड्यांच्या कारखान्यात काजं-बटणं करते. तिचा मुलगा माझ्या शाळेत आहे, पाचवीत. दर शनिवारी येऊन विचारते, 'बाई, पोराला वाचता येत नसेल तर तसं सांगा. माझ्या घरच्यांना सर शेवटपर्यंत सगळं ठीक आहे म्हणत राहिले.' सांगा सर, मी तिला काय उत्तर देऊ? तुझा मुलगा एक्क्याण्णव टक्क्यांत बसलाय, जा निवांत घरी?"

दारावर टकटक झाली. "साहेब, गाडी लागलीय," सचिवांचा आवाज आला.

मंत्र्यांनी उत्तराचा कागद उचलून परत खाली ठेवला. "बाई, आज खरं बोललो तर माझं सगळं संपेल."

"संपेल कदाचित," बाई शांतपणे म्हणाल्या. "मला काय नऊ लिहायला आवडलं? लाज वाटली. पण नऊ लिहिलं म्हणूनच मी रोज शाळा सुटल्यावर उरलेल्या बावीस जणांना घेऊन बसते. आज त्यातली चार वाचायला लागलीत. सगळ्यांना येतं असं लिहून मोकळी झाले असते, तर त्यांच्यासाठी थांबायला कारणच उरलं नसतं."

मंत्र्यांनी आदेश पुढे ओढला, त्यावर आडवं 'रद्द' असं लिहिलं आणि खाली सही केली. मग उत्तराचा कागद खिशात घालून ते बाहेर पडले.

सभागृह गच्च भरलं होतं. प्रश्न पुकारला गेला. मंत्री उभे राहिले आणि त्यांनी खिशातला कागद काढून उलगडला.

"अध्यक्ष महोदय, माझ्या हातातल्या कागदावर एक्क्याण्णव टक्के लिहिलंय. तो आकडा खरा नाही. आपल्या राज्यात पाचवीतल्या शंभरांपैकी बेचाळीस मुलांना वाचता येतं. बाकीच्या अठ्ठावन्न मुलांना आपण लपवत होतो. मुलं लपवायची ही सवय मला जुनी आहे."

गोंधळात त्यांनी त्या सात मुलांची हकिकत सांगितली. हळूहळू विरोधकांचा आरडाओरडा थांबला. मंत्र्यांच्या स्वतःच्या पक्षाच्या बाकांवर मात्र एकही जण त्यांच्याकडे बघत नव्हता.

संध्याकाळच्या यादीत त्यांचं नाव कुठेच नव्हतं. शिक्षण खातंही गेलं. पण बेचाळीस हा आकडा सभागृहाच्या कामकाजात नोंदला गेला होता, तो कोणाला पुसता येईना. महिनाभरात शेकडो शाळांनी आपापले खरे आकडे कळवले. नव्या मंत्र्यांना वाचनाचे जादा वर्ग सुरू करावे लागले, रखडलेल्या शिक्षकभरतीला हात घालावा लागला.

एका शनिवारी सर बाईंच्या शाळेत गेले. कारखान्यातून आलेल्या त्या मुलाच्या आईसमोर उभे राहून म्हणाले, "चुकलो मी. तुझं वर्ष मी वाया घालवलं."

तिने त्यांच्याकडे रोखून पाहिलं. "एक वर्ष नाही, सर. शाळाच सुटली माझी." मग तिने मुलाच्या पाठीवर हात ठेवला. "याचं तेवढं तसं होऊ देऊ नका."

माफ केलं असं ती म्हणाली नाही. त्यांनीही तशी अपेक्षा धरली नाही. त्या दिवसापासून दर शनिवारी ते बाईंच्या उरलेल्या मुलांना शिकवायला बसू लागले.

मंडळी, मोठ्या आकड्याला टाळ्या वाजवणारे आपणच असतो. म्हणून तर तो कोणीतरी बनवून देतो. तुमच्या घरात शाळेत जाणारं मूल असेल, तर आज प्रगतिपुस्तक बाजूला ठेवा आणि त्याला एक पान मोठ्याने वाचायला सांगा. ते अडखळलं तर त्याच्यावर रागावू नका. उद्या शाळेत जाऊन खरं काय ते विचारा, आणि खरं सांगणाऱ्या शिक्षकाच्या पाठीशी उभे राहा. जे मूल मोजलंच जात नाही, त्याला शिकवायला कोणीही येत नाही.