राखाडी शेत

ग्रंथालय कलावंताला घडवतं, ही गोष्ट निर्विवाद आहे. शेखर गावंडेला दर्यापूरच्या एका वाचनालयानं असं घडवलं, की पुढे कोणालाच तो दुरुस्त करता आला नाही.

घरी कपाशीची शेती, शाळेत चित्रकलेला शिक्षक नाही. वाचनालयात मात्र परदेशी चित्रांचा एक जाड ग्रंथ होता. तो घरी नेता येत नसे, म्हणून शेखर तिथंच बसून चित्रं उतरवायचा. ग्रंथातली सगळी चित्रं काळी-पांढरी. मोठी माणसं रंगाच्या नादी लागत नाहीत, असा धडा त्यानं घेतला आणि जन्मभर निष्ठेनं पाळला. मोबाईलवर चित्र पाहणं म्हणजे टीव्हीवर देवदर्शन, असं तो म्हणे. अमरावतीच्या प्रदर्शनांत त्याच्या राखाडी शेतांना लोक ‘काळ्या मातीचं मौन’ म्हणत. मग तोही म्हणू लागला.

यंदा वाचनालयाची अभ्यासिका झाली. स्पर्धा परीक्षेच्या खुर्च्यांना कपाटांची अडचण होत होती. शेखर ग्रंथ मागायला गेला.

“न्या ना सर,” ग्रंथपाल प्रणाली म्हणाली. “नाहीतं रद्दीवाला नेतेच.”

“माहा गुरू हाय हा.” शेखरनं पान उघडून कापणीला आलेलं शेत दाखवलं.

प्रणालीनं पानावर मोबाईल धरून ते चित्र इंटरनेटवर शोधलं. “पण सर, हे तं पिवळंधम्मक हाय.”

“मोबाईलनं भरला असंन रंग.”

“नाही जी. चित्र रंगीतच हाय. पुस्तक स्वस्तात छापलं असंन.” तिनं पुढचं पान शोधलं. लाल. त्याच्या पुढचं निळं. “तुमाले कोणी सांगतलं नाही?”

“कोणाले विचारू? मी तं वाचून राहिलो होतो.”

शेखरनं पिवळ्या रंगाची ट्यूब आणली. एक तरी शेत पिवळं काढायचं. नाहीतर इतकी वर्षं आपण काय केलं, याला उत्तर नव्हतं. पहिला फटकारा पिवळा पडला. तो त्याला उघडानागडा वाटला. जरा दबावा म्हणून त्यानं काळा घेतला. जास्तच दबला म्हणून पांढरा. पिवळा कुठं हवा हे डोळ्यांना कळत होतं, हाताला नाही.

बायको पौर्णिमा चहा घेऊन आली. “नवीन काढतो म्हणे ना? हे तं नेहमीचंच हाय.”

शेखरनं चहा घेतला नाही. ट्यूब संपेपर्यंत पिवळा ओतला. संध्याकाळी कॅनव्हासवर राखच होती, जरा आजारी दिसणारी.

ते चित्र अकोल्याच्या एका लॉजवाल्यानं घेतलं. त्याच्या लॉबीत राखाडी सोफा होता.