आधी पांढरा, मग दहा आकडे

मी एक जुना लॅन अडॅप्टर आहे, मित्रांनो, आणि सध्या एका टेबलाच्या खणात, शाई वाळलेल्या पेनांच्या शेजारी राहतो. तुम्ही मला कुठेतरी पाहिले असेल, पण लक्षात ठेवले नसेल. आमच्या कुळात लक्षात राहणे हे अपशकुनी मानतात. आमच्याकडे कोणाचे लक्ष गेले, म्हणजे काहीतरी बंद पडले असे समजावे.

बोटभर लांबीचा देह, एका टोकाला यूएसबीच्या खाचेत शिरणारे चपटे तोंड, दुसऱ्या टोकाला नेटवर्कची वायर बसेल असा चौकोनी खड्डा, आणि कपाळावर एक हिरवा दिवा. ज्या कॉम्प्युटरला ही वायर लावायला जागा उरलेली नसते, त्याला ती मी देतो. काम एवढेच. पण एवढ्याशा कामापायी मी जितकी काळजी केली, तितकी निकालाच्या दिवशी आईसुद्धा करत नसेल.

माझा जन्म एका कारखान्यातला. आम्ही हजारो भावंडे एका पट्ट्यावरून ओळीने पुढे सरकत होतो. जन्मतःच प्रत्येकाच्या पोटात बारा अक्षरांचा एक क्रमांक कोरतात. जगात तो क्रमांक दुसऱ्या कोणाचा नसतो. निदान नसावा असे ठरलेले आहे. मला वाटले, आता आयुष्यभर आपल्याला ह्याच क्रमांकावरून ओळखतील. लहानपणी असे काहीबाही वाटतेच.

मी आलो ते एका लसीकरण केंद्रात. बाहेरच्या खोलीत बाके, वजनकाटा आणि बाळांचे रडणे. आतल्या खोलीत टेबल, कॉम्प्युटर आणि भिंतीपासून दीड-दोन हात जागा सोडून लसींचा मोठा फ्रीज. कॉम्प्युटरची स्वतःची नेटवर्कची जागा वीज कडाडली त्या दिवशी जळाली होती. म्हणून तंत्रज्ञाने दोन अडॅप्टर आणले. पांढरा मी, आणि दुसरा काळा. माझी वायर फ्रीजकडे गेली, काळ्याची बाहेर, मुख्य कार्यालयाकडे. फ्रीजच्या पोटातले यंत्र दर मिनिटाला आतले तापमान सांगायचे, मी ते कॉम्प्युटरला पोचवायचो, आणि पडद्यावर हिरव्या अक्षरांत आकडा उमटायचा. दोन ते आठ अंश म्हणजे लस सुखरूप. सातच्या वर गेले की कॉम्प्युटर भोंगा वाजवणार.

आता आमच्या नावांची गोष्ट ऐका. कॉम्प्युटरच्या आत एक ड्रायव्हर असतो. तो गाडी चालवत नाही. आमची भाषा कॉम्प्युटरला समजावतो आणि दारात उभा राहून आलेल्याची नावनोंदणी करतो. ह्या कॉम्प्युटरवरची रीत अशी, की जो पहिला येईल त्याचे नाव ईथ-शून्य, दुसऱ्याचे ईथ-एक. पोटातला क्रमांक कोण बघतो! आणि सेटिंगमध्ये लिहिलेले, की ईथ-शून्यावरून फ्रीजचे ऐकायचे, ईथ-एकवरून कार्यालयाशी बोलायचे. म्हणजे वीज जाऊन आली आणि काळा माझ्याआधी जागा झाला, तर माझे नाव त्याला, त्याचे मला. मी फ्रीजचे तापमान घसा फोडून सांगावे आणि ते ऐकायला कोणी नसावे.

ह्यावर तंत्रज्ञाने उपाय काढला. तो असा, की वीज आली की दोन्ही अडॅप्टर उपटायचे, कॉम्प्युटर सुरू करायचा, आधी पांढरा लावायचा, मनात दहा मोजायचे आणि मग काळा लावायचा. हे त्याने कागदावर लिहून भिंतीला चिकटवले: ‘आधी पांढरा, मग दहा आकडे, मग दुसरा.’ तेव्हापासून केंद्रात सगळे त्याला ‘दहाआकडे’ म्हणू लागले. त्यालाही ते आडनाव मानवले.

सात वर्षे हे चालले. फ्रीज सांभाळणाऱ्या सिस्टर येता-जाता माझ्या दिव्याकडे बघायच्या आणि म्हणायच्या, “जळतोय ना? जळू दे बाबा.” एवढे कौतुक मला महिनाभर पुरायचे. पण वीज जाऊन आली की मी कान टवकारायचो. दहाआकडे मोजायचा, “एक, दोन, तीन...” आणि मी मनात म्हणायचो, अहो, चार विसरू नका.

दरम्यान माझा रंग उडाला. आधी पिवळट, मग चहात बुडालेल्या बिस्किटासारखा झालो. काळा एके दिवशी तापून गेला. त्याच्या जागी नवा आला, आणि तो निघाला पांढराशुभ्र. भिंतीवरचा कागद तसाच राहिला. सिस्टर म्हणाल्याही, “अहो, तो कागद बदला.” दहाआकडे म्हणाला, “मला माहितीय ना कुठला आधी ते? मग झालं तर.”

त्याला माहीत होते हे खरे. पण त्याच्या मेहुणीचे लग्न निघाले आणि तो चार दिवसांच्या रजेवर गेला.

दुसऱ्याच दिवशी दुपारी बाराला वीज गेली आणि वीस मिनिटांनी आली. सिस्टर बाहेर एका बाळाला टोचत होत्या. आत नोंदणीचा कारकून होता. माणूस अतिशय कर्तव्यदक्ष. आयुष्यात एकही सूचना त्याने अर्धवट पाळली नव्हती. त्याने चष्मा पुसला, कागद मोठ्याने वाचला, आम्हा दोघांना उपटून तळहातावर घेतले आणि निरखून पाहिले. एक पांढराशुभ्र, एक बिस्किटी.

“आधी पांढरा,” तो म्हणाला, आणि त्याने नव्याला लावले.

मग एकेक आकडा जिभेवर घोळवत पूर्ण दहा मोजले. एवढ्या मनापासून दहाआकड्यानेही कधी मोजले नव्हते. मग मला लावले. माझा दिवा पेटला. कारकून समाधानाने म्हणाला, “सिस्टर, झालं हो! अगदी कागदाबरहुकूम.”

मी त्याच क्षणी ओळखले. ड्रायव्हरने मला हाक मारली ती ‘ईथ-एक’ म्हणून. फ्रीजचे यंत्र सांगत होते, चार पूर्णांक दोन. मी ते दारात नेऊन ठेवले. कोणी उचलले नाही. पडद्यावर मात्र वीज जाण्यापूर्वीचा चार पूर्णांक दोन हिरवागार उभा होता, कारण नवा आकडा येईपर्यंत जुन्याला निवृत्त करायचे नाही, असे तो कार्यक्रम लिहिणाऱ्यांनी ठरवले होते.

एवढ्यावर भागले असते तर मी गप्प बसलो असतो. पण साडेबाराला यंत्र म्हणाले, चार पूर्णांक सात. एकला, पाच पूर्णांक तीन. वीज आली तेव्हा झटका बसून फ्रीजच्या स्टॅबिलायझरचे बटण पडले होते, आणि फ्रीज बंद होता; आतले यंत्र तेवढे स्वतःच्या बॅटरीवर बोलत होते.

मित्रांनो, बातमी माहीत असून सांगता न येणे म्हणजे काय, ते मला विचारा. आत दोनशे बाळांच्या लसी होत्या, दुसऱ्या दिवशी सकाळी टोचायच्या. बिघडलेली लस रंगाने बदलत नाही, वासाने कळत नाही. ती चांगल्या लसीसारखीच दिसते आणि काही कामाची राहत नाही. सिस्टरांना मागच्या वर्षी फ्रीजचे दार अर्धवट उघडे राहिल्याबद्दल लेखी ताकीद मिळाली होती. तो कागद त्या ह्याच खणात ठेवायच्या, पालथा. पण मला त्या ताकिदीपेक्षा भीती वाटत होती ती हिरव्या आकड्याची. त्या पडद्याकडे बघून त्या उद्या निःशंक मनाने सुई उचलणार होत्या.

दोन वाजता सिस्टर आत आल्या. पडद्याकडे पाहिले. चार पूर्णांक दोन. माझ्या दिव्याकडे पाहिले.

“जळतोय ना? जळू दे बाबा.”

मी जळत होतो.

अडीचला सहा पूर्णांक चार. तीनला सहा पूर्णांक नऊ. सव्वातीनला सात पूर्णांक एक, आणि भोंगा वाजला नाही. मी जमेल तितक्या जोरात लुकलुकलो. कारकून कौतुकाने म्हणाला, “आज भलताच उत्साहात आहे हा.”

साडेतीनला झाडलोट करणाऱ्या मावशी चहाचा कप घेऊन आत आल्या. त्यांची कंबर धरायची. फ्रीज चालू असला की त्याच्या मागच्या जाळीतून गरम वारा येतो. रोज चहाच्या वेळी मावशी तिथे जमिनीवर बसून पाठ शेकायच्या आणि एक लांब ‘हुश्श’ सोडायच्या. त्या दिवशी त्या टेकल्या, आणि हुश्श काही आले नाही.

“अगं बाई,” त्या म्हणाल्या, “आज ह्याची पाठ गार कशी?”

कारकून पडद्याकडे बोट दाखवून म्हणाला, “फ्रीज आहे मावशी. गारच असणार.”

“तू शिकलेला आहेस, तू पोटाचं बघ. मी सात वर्षं पाठीला पाठ लावून बसतेय. सिस्टर! ओ सिस्टर! हा मेला की काय बघा!”

सिस्टर आल्या. “काय मावशी? चार पूर्णांक दोन दाखवतोय की.”

“दाखवतोय तर दाखवू दे. हात लावून बघा.”

सिस्टरांनी जाळीला हात लावला आणि तसाच ठेवला. मग त्या फ्रीजच्या पुढे आल्या. दारावर एक साधा काट्याचा तापमापक होता. कॉम्प्युटर आल्यापासून त्याच्यावर कॅलेंडर टांगलेले होते. सिस्टरांनी कॅलेंडर उचलले.

काटा आठच्या रेघेला जेमतेम शिवायचा राहिला होता.

“सात पूर्णांक सहा,” सिस्टर हळूच म्हणाल्या. मीही त्याच क्षणी तेच सांगत होतो. आयुष्यात पहिल्यांदा आमचे दोघांचे एकमत झाले होते, आणि ते त्यांना कळले नाही.

सिस्टर टेबलाखाली शिरल्या आणि त्यांनी स्टॅबिलायझरचे पडलेले बटण दाबले. फ्रीज एकदा कण्हला, थरथरला, घरघरू लागला. संध्याकाळपर्यंत त्या कॅलेंडर हातात धरून काट्यासमोर स्टुलावर बसल्या. सात. सहा. पाच. कारकून बाजूला उभा राहून पुन्हा पुन्हा म्हणत होता, “पण मी कागदाबरहुकूम केलं हो.” आणि ते खरे होते.

सिस्टरांचा फोन गेल्यावर सकाळी दहाआकडे लग्नघरातून थेट आला, झोपेने डोळे लाल. भिंतीवरचा कागद, बिस्किटी मी आणि पांढराशुभ्र तो, असे तिघांना त्याने आळीपाळीने पाहिले. मग गुपचूप बसून सेटिंगमध्ये दोन ओळी लिहिल्या: ह्या जन्मक्रमांकाचा जो असेल, तो कधीही येवो, कुठल्याही खाचेत येवो, त्याचे नाव ‘फ्रीज’. त्या क्रमांकाचा जो असेल, त्याचे नाव ‘कार्यालय’.

“झालं?” सिस्टरांनी विचारले.

“झालं.”

“आता दहा मोजायचे नाहीत?”

“नाही.”

“हे सात वर्षांपूर्वी करता येत नव्हतं?”

“येत होतं.”

“मग?”

“कागदावर भागत होतं ना, सिस्टर.”

त्या दिवशी ड्रायव्हरने माझे पोट वाचून मला हाक मारली. तसा मान मला आधी कधीच मिळाला नव्हता. वर्षभरात माझे तोंड सैल झाले, मी मध्येच गप्प होऊ लागलो, आणि माझ्या जागी दुसरा आला. ह्या वेळी सिस्टर दहाआकड्याच्या डोक्याशी उभ्या राहिल्या आणि नव्याचा क्रमांक ओळीत लिहून होईपर्यंत त्यांनी त्याला हलू दिले नाही. ‘फ्रीज’ हे नाव त्याला गेले. मला खण मिळाला. कॅलेंडर आता भिंतीवर आहे.

तेव्हा मित्रांनो, कोणाला नाव द्याल ते त्याला ओळखून द्या; आधी कोण आले आणि कुठे बसले एवढ्यावरून देऊ नका. भिंतीवर सूचना लावाल तर वर्षातून एकदा ती स्वतः वाचून बघा. दिवा जळतो आहे म्हणून निर्धास्त होऊ नका. आणि ज्याची पाठ रोज फ्रीजला टेकते, त्याला विचारल्याशिवाय आकड्यावर विश्वास ठेवू नका.

खणात अंधार असतो, पण वीज गेली की मला कळते, घरघर थांबते. ती आली की मी सवयीने दहा मोजू लागतो. आता त्याची गरज नाही, हे मला माहीत आहे. तरी मोजतो. दहा झाले की थांबतो, आणि चहाच्या वेळेपर्यंत कान देऊन पडून राहतो, मावशींचे ते ‘हुश्श’ ऐकू येईपर्यंत.