नवसाबाईंचा हाराचा फोटो

आपण गेल्यावर भिंतीवर लावायचा, हार घालायचा फोटो जिवंतपणीच काढून ठेवायचा, असं नवसाबाईंच्या मनाने घेतलं. आणि त्यांच्या मनाने एकदा घेतलं की मखमलाबाद गावात कुणाची नाही म्हणायची बिशाद नव्हती. पित्ताशयात खडे झाले होते. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन लांबवू नका. नवसाबाई म्हणाल्या, "आधी फोटू. मग कापा नाय तर शिवा."

हट्टाला कारण होतं. त्यांचे मालक कोंडाजी वारले तेव्हा घरात त्यांचा धड एक फोटो निघाला नाही. शेवटी मतदार ओळखपत्रावरचाच मोठा करून आणला. "कोंबडी चोरताना धरल्यागत दिसत्यात," नवसाबाई आल्यागेल्याला सांगायच्या. "ह्या माणसाशी म्या संसार नाय केला बाई."

फोटो काढायला मुलगा गोरक्ष होताच की! त्याने त्या वर्षी, म्हणजे अठ्ठ्याण्णवला, जुना कॅमेरा घेतला होता आणि दर रविवारी तो शहरात यादव सरांच्या क्लासला जायचा. तोवर त्याने काय काय टिपलं होतं? पांडवलेणी, मावळता सूर्य, परत पांडवलेणी, परत सूर्य. "सूर्य काय, उद्याबी मावळंल," त्याची बायको रूपाली म्हणायची. "आत्याबाईंचं बघा आधी."

गोरक्षने आईला अंगणात खुर्चीवर बसवलं. नवसाबाई ठेवणीतली साडी नेसून, हात गुडघ्यांवर ठेवून, श्वास कोंडून बसल्या. डोळे असे वटारलेले की कॅमेराच घाबरावा. रोल धुऊन आला. रूपालीने एकेक फोटो पाहिला आणि पदर तोंडाला लावला.

"आत्याबाई, कोंबडी चोरायला तुमीबी व्हता का?"

झालं! ऑपरेशन पुढे ढकललं. पोटात कळ आली की नवसाबाई भिंतीला टेकून ओवा चघळायच्या. शेवटी ते बघवेना तेव्हा गोरक्ष फोटो घेऊन सरांकडे गेला. सर पोटभर हसले.

"आई दिवसभर अशी खुर्चीत बसते का रे?"

"खुर्चीत? कधीच नाही सर."

"मग कशाला बसवलीस? आठवडाभर कॅमेरा कपाटात ठेव. आई कुठे असते, काय करते, उजेड कुठून येतो, नुसतं बघ."

नुसतं बघणं सोपं वाटलं होय! पहिल्याच दिवशी आई खेकसली, "काय रे, भूत बघतोस का?" मग तो काहीतरी काम काढून आसपास घुटमळायला लागला. सकाळी दाराशी बसून ती मेथीच्या जुड्या बांधायची तेव्हा ऊन एका बाजूने यायचं आणि तिचे हात तेवढे उजळायचे. सुतळी दातात धरलेली असायची. बाजारात कुणी भाव पाडला की तिची डावी भुवई आधी वर जायची, तोंड नंतर उघडायचं. अंगठ्यावर विळ्याचा जुना व्रण होता. जन्मभर ह्या हातचं जेवलो आणि आपल्याला हा व्रण माहीत नव्हता, ह्याची गोरक्षला मनापासून लाज वाटली.

आठवडा सरल्यावर, बुधवारी, नदीकाठी भरणाऱ्या गंगेवरच्या बाजारात तो फ्लॉवरच्या टेंपोआड कॅमेरा घेऊन दबा धरून बसला. एका बाईने जुडी हुंगून म्हटलं, "शिळी दिसते." बास! भुवई वर गेली आणि गोरक्षने बटण दाबलं.

फोटो हातात आला तेव्हा त्याची पाचावर धारण बसली. पदर घसरलेला, जुडी हवेत, तोंड हे एवढं उघडं. ह्याला हार कोण घालणार? त्याने तो घाबरत घाबरत आईपुढे धरला.

"मेथी ताजी व्हती," नवसाबाईंनी आधी खुलासा केला. मग फोटो जवळ नेला, लांब धरला. "ही मी?"

"हो."

"अशी भांडते?"

"रोज," रूपाली म्हणाली, पण ह्या खेपेला ती हसली नाही.

नवसाबाईंनी फोटो मांडीवर ठेवला. "लय भ्याले व्हते रे मी," त्या हळूच म्हणाल्या. गोरक्षच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, कारण तोही तेवढाच भ्यालेला होता आणि कुणाला बोलला नव्हता.

नवसाबाईंनी परत एकदा त्या फोटोतल्या बाईकडे बघितलं.

"ही काय इतक्यात मरत नाय," त्या म्हणाल्या. "डॉक्टरला सांग, उद्या येते."