न्यूयॉर्क माझ्यावर लांब पडले

मी एक जुना जगाचा नकाशा आहे, मित्रांनो. कापडावर चिकटवलेला, वर-खाली लाकडी दांड्या लावलेला. लोहा गावाजवळच्या एका शाळेत सातवीच्या भिंतीवर टांगलेला असतो. माझे लाड फार झाले. मुले मला रोज पुसत. पाहुणे आले की सर माझ्यापुढेच उभे राहत. माझ्यासोबत आलेला पृथ्वीगोल मात्र कपाटावर धूळ खात होता. मुले त्याचा चेंडू करतात म्हणून त्याला वर ठेवले होते. मला ते बरेच वाटे. आता त्याच्याकडे बघवत नाही.

त्या सकाळी सरजाबाई वर्गाच्या दारात आल्या. त्यांचा मुलगा प्रेम शिकायला न्यूयॉर्कला निघाला होता. त्याचे विमान पहाटे दोनला मुंबईहून सुटले होते.

“सर, पोरगं कधी उतरंल? उतरल्या उतरल्या फोन करतो म्हनलाय. रानात रेंज न्हाई. तेवढ्या वक्ताला घरी थांबते.”

वैजनाथ सर म्हणाले, “मोबाइलवर कशाला बघायचं? आपली पोरंच काढतील.”

पहिल्या बाकावरच्या भुजंगने माझ्यावर दोरा ताणला. अरबस्तान, आफ्रिका, अटलांटिक, अगदी सरळ. माझ्या कोपऱ्यातल्या प्रमाणपट्टीने अंतर साडेसोळा हजार किलोमीटर भरले. विमानाच्या वेगाने भागले.

“आपल्याकडचे रात्रीचे साडेनऊ,” सर म्हणाले.

“मग कापूस येचून येते निवांत,” म्हणत सरजाबाई गेल्या. वर्गाने टाळ्या वाजवल्या. मीही फुगलो.

दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा आल्या. रागावल्या नव्हत्या, म्हणूनच जास्त लागले.

“पोरानं सांजच्या साडेपाचलाच तिथल्या विमानतळाच्या वायफायवरनं दोनदा फोन केला, सर. म्या रानात. घरी आल्यावर मोबाइलवर दिसलं. आता नवं सिम घेईपर्यंत त्याचा फोन लागत न्हाई.”

“पोचला ना मावशी, मग झालं,” भुजंग पुटपुटला.

“पोचल्यालं कळलं रे. आवाज ऐकायचा व्हता.”

सरांनी मान खाली घातली. मग स्टुलावर चढून गोल उतरवला, रुमालाने पुसला आणि त्यावर दोरा ताणला. दोरा आफ्रिकेकडे वळलाच नाही. रशियावरून, आइसलँडजवळून, ग्रीनलँडच्या टोकाला लागून खाली उतरला. साडेबारा हजार.

“बर्फावरनं? गारठंल की,” भुजंग म्हणाला. कोणी हसले नाही.

मित्रांनो, गोल पृथ्वी भिंतीवर सपाट मावावी म्हणून मला ताणले आहे. उत्तरेकडे हा ताण वाढत जातो. मी हे जन्मापासून जाणतो, आणि तरी टाळ्यांच्या वेळी मला ते आठवले नाही. माझ्यावर देश शोधा, समुद्र शोधा, खुशाल बोट फिरवा. पण घरी कोणी वाट पाहत असेल, तर अंतर मला विचारू नका. गोलाला खाली घ्या. त्याची धूळ पुसा.

सरजाबाई निघताना दारात थांबल्या. माझ्याकडे त्यांनी पाहिलेही नाही.

“सर, पोरगं माघारी येईल तवा त्या गोलावरच मोजा.”