एक लांब, दोन आखूड

मी एक जुनी पितळी शिट्टी आहे. पोटात लाकडी गोळी, गळ्यात काळी दोरी आणि तोंडाशी दातांच्या खुणा, एवढाच माझा संसार. मित्रांनो, शिट्टी म्हटलं की तुम्हाला खेळाचा तास आठवेल. तसल्या शिट्ट्या वेगळ्या. माझा आवाज ऐकून कोणी कधी आनंदाने धावत सुटलं नाही. माझा आवाज ऐकून माणसं होती तिथे थांबायची, आणि खरं सांगते, ते बघायला मला फार आवडायचं.

माझा जन्म एका अरुंद गल्लीतल्या छोट्या कारखान्यात झाला. पत्रा कापला, वाकवला, डाख देऊन सांधला, आत गोळी घातली. कारागिराने मला एकदा फुंकून पाहिलं. दाराशी झोपलेलं कुत्रं दचकून उठलं. "वाजते," एवढं म्हणून त्याने मला टोपलीत टाकलं. माझं बारसं ते तेवढंच.

तिथून मी गेले ती एका मोठ्या धुलाईखान्यात. इस्पितळांच्या चादरी तिथे धुतल्या जायच्या. रक्ताच्या, औषधांच्या आणि नको नको त्या डागांच्या चादरी एका दाराने आत यायच्या आणि दुसऱ्या दाराने पांढऱ्या घड्या होऊन बाहेर जायच्या. मधोमध इस्त्रीचा रूळ होता, तापलेला आणि गरगर फिरणारा. एका बाजूने दोघी बायका ओली चादर त्याच्या तोंडात सरकवायच्या, दुसऱ्या बाजूने दोघी ती ओढून तिची घडी घालायच्या. वाफ इतकी की या बाजूची बाई त्या बाजूला दिसायची नाही, आणि घरघर इतकी की दोन हातांवरून ओरडलं तरी ऐकू जायचं नाही. रूळ चालू आणि बंद करायचं बटण पार भिंतीवर होतं. तिथे एक मावशी उभी असायची.

मी येण्याआधी तिथे सगळं गोडीगुलाबीने चालायचं असं मुळीच समजू नका. जिला जे सुचेल ते ती ओरडायची. एकदा एक बाई अडकलेली चादर सोडवायला वाकली होती. पलीकडून कोणीतरी "चल" म्हणालं, किंवा म्हणाल्यासारखं मावशीला वाटलं, आणि तिने बटण दाबलं. त्या बाईची दोन बोटं गेली. चादर तेवढी पुन्हा धुवावी लागली.

त्यानंतर बायकांनी मालकाला न विचारता मला आणलं. कोणाच्या गळ्यात घालायची, यावर जेवणाच्या सुट्टीत चांगली जुंपली. शेवटी सगळ्यांनी मिळून आत्याला निवडलं. ती कोणाचीच आत्या नव्हती, म्हणून सगळ्यांचीच होती. रुळाच्या कडेला एका उंच पायरीवर उभी राहून ती चादरीची कड सरळ करायची. तिथून तिला दोन्ही बाजूंच्या बायकांचे हात दिसायचे. एक लांब शिट्टी म्हणजे चालू, दोन आखूड म्हणजे बंद. आणि शिट्टी वाजल्याशिवाय बटणाला हात लावायचा नाही, हा नियम. मावशी एकदा पोळली होती, त्यामुळे ती दर वेळी शेजारणीला खात्री करून विचारायची, "वाजली का?" पुढे पुढे ते सगळ्यांच्याच तोंडी बसलं. डबा उघडायचा असला तरी बायका एकमेकींना विचारायच्या, "काय गं, वाजली का?" आणि खिदळायच्या.

नव्यानेच कामाला लागलेल्या एका पोरसवदा सुनेने आत्याला तोंडावर विचारलं होतं, "पण आम्ही तुमचंच का ऐकायचं?"

आत्या हसली. "माझं कशाला ऐकतेस बाई! मला इथून तुझे हात दिसतात, तुला पलीकडच्या बाईचे दिसत नाहीत. तेवढ्यापुरतं ऐक. बाकी खुशाल मला शिव्या दे."

त्या सुनेने शिव्याही दिल्या, आणि आत्याने त्या मजेत ऐकून घेतल्या. मला मात्र हे वागणं शोभणारं वाटायचं नाही. पुढे आत्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. एक दिवस तिने स्वतःच मला गळ्यातून काढलं आणि म्हणाली, "आता मला धड दिसत नाही. आजपासून माझं ऐकू नका." मित्रांनो, मला तिचा मनस्वी राग आला. मला गळ्यात घातल्यावर आपण होऊन काढणारं माणूस मी तेवढं एकच पाहिलं.

आत्यानंतर मला मिळाली थोरली. वर सांगितलेली ती तोंडाळ सून, ती धाकटी. दोघी सख्ख्या जावा, एका घरात राहणाऱ्या, एका वाटेने कामाला येणाऱ्या. घरात सासू नव्हती, म्हणून थोरलीच सासू. पण मनाने वाईट नव्हती. धाकटी लग्न होऊन आली तेव्हा तिला साधी घडी घालता येत नव्हती. थोरलीने तिच्या मागे उभं राहून, तिचे हात हातात धरून तिला शिकवलं. "चादर पुढे, बोटं मागे. चादर पुढे, बोटं मागे." धाकटीला ताप आला की थोरली तिचं डोकं चेपायची. बायका म्हणायच्या, जावा कसल्या, बहिणीच आहेत.

काही काळ थोरली आत्यासारखीच पायरीवर उभी राहिली. मग मालकाचं तिच्याकडे लक्ष गेलं. एका शिट्टीने सगळ्या बायका गप्प उभ्या राहतात, हे त्याने पाहिलं आणि त्याला ते फारच पसंत पडलं. त्याने दाराजवळ काचेची केबिन बांधली आणि आत एक गादीची खुर्ची ठेवली. "तुम्ही कशाला वाफेत उभ्या राहता? इथे बसा," तो म्हणाला. केबिनच्या काचेवर कायम वाफ धरलेली असायची. तिथून रूळही दिसत नव्हता, मग हात कुठले दिसायला! पण थोरली बसली. तेव्हापासून उंटावरून शेळ्या हाकणं सुरू झालं.

आणि माझे दिवस पालटले. पाणी प्यायचं तर आधी शिट्टी वाजायला हवी. मोरीत जायचं तर शिट्टी. दाराजवळ दोघी बोलताना दिसल्या तर शिट्टी. एक बाई पोटुशी होती. ती केबिनच्या दाराशी येऊन पुन्हा पुन्हा बोट वर करत होती. थोरलीने तिला बघून न बघितल्यासारखं केलं. शेवटी त्या बाईचं लुगडं उभ्या उभ्या ओलं झालं. आधी कोणीतरी एकटीच हसली, मग सगळ्याच हसल्या. ज्या हसल्या नसत्या त्या थोरलीच्या डोळ्यांवर आल्या असत्या. मीही थोरलीच्या छातीवर हिंदकळत होते, कारण तीही हसत होती.

त्या दिवशी घरी धाकटीने विचारलं, "जाऊबाई, तिला का नाही जाऊ दिलंत?"

"नियम आहे."

"पण तो कशासाठी?"

"शिट्टी कोणाच्या गळ्यात आहे?"

"तुमच्या."

"मग झालं तर." थोरलीने भाजी ढवळत विषय संपवला. ज्याच्या हाती ससा तो पारधी.

धाकटी गप्प बसणारी नव्हती. दोन बोटं तोंडात घालून ती माझी हुबेहूब नक्कल करायची. एकदा थोरली केबिनमध्ये चहा पीत असताना धाकटीने तोंडाने दोन आखूड शिट्ट्या मारल्या. मावशीने बटण दाबलं, रूळ थांबला, बायका खांबासारख्या उभ्या राहिल्या. मग धाकटीचा चेहरा पाहून सगळ्या पोट धरून हसल्या. थोरली बाहेर आली तेव्हा हसू अजून वाफेत तरंगत होतं. मित्रांनो, एखाद्याच्या हुकमाला विरोध केलेला तो एक वेळ विसरतो, पण त्याच्या हुकमावर हसलेलं विसरत नाही. थोरलीने दोन हुकूम सोडले. एक, यापुढे धाकटीने रुळाच्या तोंडाशी उभं राहायचं. दुसरा, "तोंडाची शिट्टी शिट्टी नव्हे. पितळेची वाजेल तीच खरी. मावशी, कळलं का? पुन्हा चुकलात तर घरी बसा."

मावशीच्या घरी अंथरुणाला खिळलेला नवरा होता. तिला चांगलंच कळलं.

पुढे काय झालं ते तुम्हाला दिसतच असेल. एका ओल्या चादरीची शिवण उसवली होती. तिच्यात धाकटीची बांगडी अडकली आणि चादरीबरोबर उजवा हात रुळाच्या तोंडाशी गेला. ती किंचाळली, पण घरघरीत किंचाळी कोणाला ऐकू जाणार? शेजारची बाई धावली आणि धाकटीला कमरेला धरून मागे ओढू लागली. धाकटीने मात्र डोकं गमावलं नाही. डाव्या हाताची दोन बोटं तोंडात घातली आणि शिट्टी मारली. दोन आखूड. स्पष्ट, जशी हवी तशी.

मावशीने ती ऐकली. बटणापर्यंत गेलेला हात तिने मागे घेतला आणि शेजारणीला विचारलं, "खरी वाजली का?"

केबिनमध्ये थोरलीनेही ऐकली. ती मालकाशी बोलत होती. मालकाने भुवया उंचावल्या. थोरलीचं तोंड लाल झालं. "थांबा, हिची मस्ती जिरवते," ती म्हणाली, आणि काचेबाहेर न बघता तिने मला ओठांत धरलं. एक लांब. चालू ठेवा.

मी इतकी खणखणीत कधीच वाजले नव्हते. मावशीचा जीव भांड्यात पडला.

रूळ फिरत राहिला. बोटं गेली, मग मनगट. इस्त्रीच्या पांढऱ्या कापडावर लाल पट्टा उमटला आणि फिरून फिरून पुन्हा वर येऊ लागला. पलीकडच्या दोघींच्या हातात लाल चादर आली तेव्हा त्या पळत केबिनकडे आल्या. थोरली बाहेर धावली. तिने पाहिलं. घाईघाईने तिने मला तोंडात घातलं, पण तिच्या छातीत फुंकरच उरली नव्हती. दात माझ्यावर कडकड आपटत होते. माझ्या पोटातली गोळी जागची हलली नाही. मी काय करणार? फुंकरीशिवाय मी नुसतं पितळ.

थोरली भिंतीकडे धावली. "बंद करा! मावशी, बंद करा!"

मावशी बटणाला पाठ लावून उभी राहिली. तिने थोरलीच्या तोंडाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "पण वाजली नाही अजून," ती अगदी कळवळून म्हणाली. "तुम्हीच सांगितलंत ना!"

थोरलीने तिला ढकलून खाली पाडलं आणि बटण स्वतः दाबलं. तोवर रूळ कोपरापर्यंत पोहोचला होता.

हातावर पोट असलेल्या बाईचा हातच गेला. चौकशी करायला सरकारी साहेब आले. मावशी म्हणाली, मी नियम पाळला. बायका म्हणाल्या, आम्ही नियम पाळला. मालक म्हणाला, नियम तर बायकांनी स्वतःच केलेला होता. सगळं खरंच होतं. साहेबांनी ठरवलं की खोटी शिट्टी वाजवायची सवय असलेल्या बाईची खरी हाक कोणी कशी ओळखावी? मालकाचा सुंठीवाचून खोकला गेला.

घरी थोरली धाकटीला भरवायची. तिची वेणी घालायची. रडायचीही. धाकटी घास गिळायची आणि थोरलीच्या गळ्याकडे बघत राहायची, जिथे मी लटकत होते.

मग मालकाला आणखी एक युक्ती सुचली. एका हाताची बाई दुसरीकडे कुठे जाणार? ती जन्मभर उपकार मानेल. त्याने मला थोरलीच्या गळ्यातून काढून धाकटीच्या गळ्यात घातलं आणि थोरलीला रुळाच्या तोंडाशी उभं केलं. बायकांना आनंद झाला. "हिने सोसलंय. ही आपल्याला समजून घेईल," असं त्या एकमेकींना सांगत होत्या. ती पोटुशी बाई आता लेकुरवाळी झाली होती. ती पुढे झाली आणि म्हणाली, "तू केबिनमध्ये बसू नकोस गं. आत्यासारखी पायरीवर उभी राहा. तुझ्या नजरेखाली आम्हाला भीती वाटणार नाही."

धाकटीने पायरीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मला धाकधूक वाटली, कारण ती तिथे उभी राहिली असती तर माझं राज्य संपलंच असतं. मग ती वळली, केबिनमध्ये गेली आणि गादीच्या खुर्चीवर बसली. रिकामी बाही तिने मांडीवर नीट घडी घालून ठेवली.

दुपारी थोरली दाराशी आली. रुळाच्या धगीने तिचे ओठ सुकले होते. "धाकटे, पाणी पिऊन येऊ का?"

धाकटीने वर पाहिलं नाही.

"धाकटे, घसा कोरडा पडलाय गं."

"आधी मला जाऊबाई म्हणा," धाकटी म्हणाली. "आणि अहो-जाहो करून विचारा."

सगळ्या बायका बघत होत्या. थोरलीने पदर डोक्यावरून घेतला, मान खाली घातली आणि म्हणाली, "जाऊबाई, मी पाणी पिऊन येऊ का? तुम्ही सांगाल तेव्हा जाईन."

आधी कोणीतरी एकटीच हसली, मग सगळ्याच हसल्या. धाकटीने डाव्या हाताने मला उचललं, ओठांपर्यंत नेलं, आणि न वाजवता पुन्हा छातीवर सोडून दिलं. थोरली तशीच रुळाकडे परत गेली. ती चादर सरकवायला लागली तेव्हा तिची बोटं रुळाच्या तोंडाशी होती, आणि काचेवर पुन्हा वाफ धरली होती.

मित्रांनो, मी आता जुनी झाले आहे. मला पाण्यात बुडवू नका, गोळी फुगते. काळी पडले तर राखेने घासा, लख्ख होते. दोरी कुजली तर नवी बांधा. एवढं केलंत तर मी तुमच्या नातवंडांनाही पुरेन. मला वाजवणाऱ्याची चिंता करू नका. तो मिळतोच, आणि बहुतेक वेळा ज्याला माझा सगळ्यांत जास्त त्रास झालेला असतो, तोच मिळतो.