हात लावून बघा

“गॅस झालाय. जरा चालायला लावा त्यांना,” तरुण डॉक्टरने मान वर न करता पुन्हा तेच सांगितलं आणि ताईचं डोकं फिरलं.

“चालायला? त्याला कूस बदलता येत नाहीये! हात लावून बघा एकदा, अंग कसं भाजतंय ते!”

खाटेवर तिचा धाकटा भाऊ गुडघे पोटाशी घेऊन पडला होता. लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. आत अडकलेल्यांना बाहेरून गप्पा मारत धीर देणारा. आदल्या दिवशी तोंडावाटे दुर्बीण घालून त्याच्या जठरातली छोटीशी गाठ काढली होती. चिरफाड नाही, टाके नाहीत, उद्या घरी, असं सांगितलं होतं. आता तो थंडीने कुडकुडत होता आणि तरीही म्हणत होता, “ताई, ओरडू नकोस गं. ते त्यांचं काम करतायत.”

“तू गप्प बस! तुझ्या या भिडस्तपणामुळेच कुणी ढुंकून बघत नाही.”

डॉक्टर निघून गेला. दुसऱ्या दिवशी भाऊ बरळू लागला, तेव्हा तिने मोठ्या डॉक्टरांना जिन्यातच अडवलं. मग एकच धावपळ उडाली. स्कॅन झाला आणि तिथून त्याला थेट ऑपरेशनलाच नेलं.

“गाठ काढली तिथल्या जखमेतून जंतू जठराच्या भिंतीत शिरले,” मोठे डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले. “भिंत पुवाने भरली होती. जठराचा बराचसा भाग काढावा लागला. फार दुर्मिळ आहे हे. लाखात एखाद्याला होतं.”

“लाखाचं मला काय सांगता? मला भाऊ एकच आहे. जंतू शिरले यात तुमचा दोष नसेलही. पण तो तळमळत होता तेव्हा कुणी त्याच्या पोटाला हात लावून बघितलं नाही, तेही जंतूंनीच केलं का?”

डॉक्टरांनी चष्मा काढला. “उशीर झाला आमच्याकडून,” ते हळूच म्हणाले.

कुणी कबूल केलं की राग उतरेल, असं तिला वाटलं होतं. तो उलट वाढला.

भाऊ वाचला. घरी आला तेव्हा सदरा खुंटीला अडकवावा तसा खांद्यांवर लोंबत होता. ताईने सवयीने ताट भरून वाढलं. चार घास खाऊन त्याने हात आखडला.

“एवढ्यात झालं?”

“जागाच नाही गं,” तो हसत म्हणाला.

ताईला हसू आलं नाही. ताट उचलून ती आत गेली आणि ओट्याशी उभी राहून, भिंतीकडे तोंड करून, त्याच्या ताटातलं उरलेलं सगळं एकेक घास चावून चावून खात राहिली.